मिरचीच्या दुकानावरच्या बॅलेच्या बाईंना

प्रिय बाई,

तुम्हाला जाऊन आठ महिने होत आले. इतके दिवस लिहायला बसले नाही. तुम्हीच म्हणायचात ना, "स्नेहल, तोंडानं बोल. कागदावर सगळेच शहाणे असतात!" आता तोंडानं बोलायची सोय राहिली नाही, आणि काल वर्गात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

काल फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी आली होती, आमचा तोल तपासायला. तिला बॅले करणाऱ्या वेगवेगळ्या वयाच्या मुली-बायका हव्या होत्या. काखेत स्पंजची एक जाड गादी. एकेकीला तिच्यावर एका पायावर उभं करायची आणि मग म्हणायची, "आता डोळे मिटा." सात-आठ वर्षांच्या पोरी अख्ख्या अंगानं डुलल्या, पडल्या, खिदळत पुन्हा चढल्या. तेरा वर्षांची गार्गी दोनदा पडली आणि खिडकीत जाऊन उभी राहिली, कुणाशी बोलेना. शनिवारी येणाऱ्या दोघी नोकरदार बायका डोळे उघडे असेपर्यंत अगदी स्थिर होत्या, मिटल्यावर मात्र गडबडल्या. मीही चढले. बरी उभी राहिले म्हणायची. मग त्या मुलीनं कागद उलटला आणि विचारलं, "मॅम, साठीच्या पुढचं कुणी आहे का तुमच्याकडे?"

"होत्या एक," मी म्हटलं. आणि पुढे बोलताच येईना हो! ती बिचारी पाणी आणायला धावली.

बाई, मी पहिल्यांदा आले तेव्हा आठ वर्षांची होते. लक्ष्मीपुरीत तुमच्या सासरचं मिरचीचं दुकान आणि त्याच्या डोक्यावर तो लांब हॉल. जिना चढताना पप्पांना तीन शिंका आल्या. वर तुम्ही उभ्या. केस घट्ट बांधलेले, काळा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गुंडाळलेली. तुम्ही लहानपणी मुंबईत एका गोऱ्या बाईंकडे बॅले शिकलात, लग्न होऊन कोल्हापूरच्या जैन व्यापाऱ्याच्या घरात आलात, आणि तुमच्या मिस्टरांनी घरच्यांशी वाद घालून दुकानावर लाकडी फळ्यांची जमीन घालून दिली, हे सगळं मला पुढं कळलं. त्या दिवशी मला दिसल्या नुसत्या फळ्या, भिंतभर आरसा आणि भिंतीला ठोकलेला पाण्याचा पाइप. हिरवा रंग दिलेला.

तो पाइप धरून सराव करायचा. त्याचं खरं नाव बार. पण एका मुलीनं घरी सांगितलं की मी रोज बारला उभी राहते, आणि दुसऱ्या दिवशी तिचे दोन मामा बाह्या सारून जिन्यात हजर! आठवतंय ना? तेव्हापासून तुम्ही त्याला दांडी म्हणायला लागलात. "दांडी धरा, दांडी मारू नका!" आम्हाला हे झोपेतही ऐकू यायचं.

आणि माझं बोलणं! "बाई, मी पडलो की!"

"पडलो नाही, पडले."

"व्हय, पडले."

"व्हय नाही, हो."

आमच्या कोल्हापुरात पोरी 'मी गेलो, मी आलो' म्हणतात ह्याचा तुम्हाला फार त्रास व्हायचा. पण तुम्ही तरी कुठे सुटलात? खाली हमालांनी पोती आपटली की तुम्हीच खिडकीतून ओरडायचात, "आरं, हळू टाका की! पोरी पडत्यात हितं!"

आईला माझं हे शिकणं कधीच पटलं नाही. "ह्यो काय नाच म्हणायचा? ना गाणं, ना हावभाव. नुसतं एका पायावर उभं ऱ्हायचं. बगळ्यागत!" तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण पप्पांना आवडायचं. ते एसटीत कंडक्टर, गगनबावड्याच्या गाडीवर. ड्युटी संपली की खाकीतच यायचे आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बघत राहायचे.

एकदा तुम्ही त्यांना सरळ विचारलंत, "तुमचे दोन्ही हात तिकिटात असतात. मग घाटात गाडी वळते तेव्हा तुम्ही उभे कसे राहता?"

पप्पा लाजले. "सवय हो बाई. दुसरं काय?"

"सवय म्हणजे काय? नीट सांगा."

"आता कसं सांगू... गुडघं आवळायचं न्हाईत. गाडी जाईल तिकडं जरा जाऊ द्यायचं, आन् परत यायचं. ताठ ऱ्हायला की माणूस गेला बगा एखाद्या पावण्याच्या मांडीवर!"

तुम्ही त्यांना चपला काढायला लावल्यात आणि हॉलच्या मधोमध उभं केलंत. "मुलींनो, ह्यांच्या गुडघ्यांकडे बघा." सतरा पोरी माझ्या पप्पांच्या खाकी पँटकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, फळ्या दुभंगून मी खाली मिरच्यांत पडले तर बरं! पण रात्री जेवताना पप्पांनी आईला ती गोष्ट दोनदा सांगितली. दोनदा, बाई. त्यांच्या कामात शिकण्यासारखं काही आहे, असं त्याआधी कुणीच त्यांना म्हटलं नव्हतं.

मी बरी शिकत होते. दहाव्या वर्षी टाचा उचलून, चवड्यांवर, हात वर करून अशी उभी राहायचे की तुम्ही छोट्या मुलींना म्हणायचात, "स्नेहलकडे बघा." आणि तेराव्या वर्षी सगळं गेलं! एका वर्षात मी चार बोटं उंच झाले. पाय लांबले, हात कुठेही आपटायचे. जे डोळे झाकून यायचं ते डोळे फाडूनही येईना. दांडी सोडली की मी कलंडलेच. नव्या आलेल्या सात वर्षांच्या मुली माझ्यापेक्षा जास्त वेळ उभ्या राहायच्या. आईचं सुरू झालं, "आता सोड ते. मोठी झालीस."

मीही सोडायचंच ठरवत होते. आणि तुम्ही काहीच बोलत नव्हतात. त्या वर्षी तुम्ही आमच्याकडे पूर्वीसारखं लक्षच देत नव्हतात. काही करून दाखवत नव्हतात. भिंतीच्या कडेनं चालायचात, एक हात कायम दांडीवर. "गुडघे दुखतात," म्हणायचात. तुम्ही अठ्ठावन्न वर्षांच्या. आम्हाला ते खरं वाटायचं.

आता जे लिहिणार आहे ते लिहिताना अजून लाज वाटते. एके दिवशी तुम्ही खिडकीशी होतात, आणि मी मैत्रिणींसमोर तुमची नक्कल केली. पाय फाकवून, भिंतीला हात लावत, डुलत. दारू प्यायलेल्या माणसासारखी. पोरी तोंड दाबून हसल्या. मला केवढं बरं वाटलं! सहा महिन्यांत माझ्यामुळे कुणी हसलं नव्हतं, माझ्यावरच हसत होत्या. आणि मी मान वर केली तर आरशात तुमचे डोळे.

"चला, दुसरी बाजू," एवढंच म्हणालात. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्यात तर!

मग ती पावसाळ्यातली संध्याकाळ. खिडक्या लावलेल्या, सगळ्या मुली मधोमध चवड्यांवर उभ्या, आणि तुम्ही एका लहानगीचे खांदे खाली दाबायला दांडी सोडून आमच्यात आला होतात. वीज गेली. मिट्ट काळोख. पोरी किंचाळल्या, आणि त्या किंचाळण्यात मला एक आवाज आला. पोतं टेकवल्यासारखा.

कुणीतरी माझा घोटा धरला.

"कोण?" तुम्ही कुजबुजलात.

"स्नेहल."

"बोलू नकोस."

तुमचा हात बर्फासारखा गार होता. आणि त्याच क्षणी जमिनीवरून तुमचा नेहमीचा खणखणीत आवाज आला, "ओरडायचं नाही! सगळ्याजणी खाली बसा. पाय लांब करा. हा अंधारातला व्यायाम आहे!"

तुमचे दीर खालून मेणबत्ती घेऊन वर आले तेव्हा तुम्ही मधोमध पाय पसरून बसला होतात आणि तुमच्याभोवती सतरा मुली, तशाच पाय पसरून. बाई, मी त्या वेळी तुमच्याइतकं शूर कुणी बघितलं नव्हतं! आणि तुम्ही माझा घोटा अजून सोडला नव्हता.

पप्पा बॅटरी घेऊन मला न्यायला आले. बाकीच्या मुली गेल्यावर तुम्ही म्हणालात, "मलाही खालपर्यंत सोडा." जिन्याच्या चौथ्या पायरीवर पप्पा थांबले.

"बाई, रागावू नका. तुमचं पाय जमीन हुडकत्यात."

"गुडघे दुखतात हो."

"गुडघं न्हाय. गुडघं दुखणारी माणसं मी रोज चढवतो-उतरवतो. ती पायरीपायरीला कण्हत्यात. तुम्ही कण्हत न्हाय. तुम्ही भ्यालाय."

तुम्ही तिथंच पायरीवर बसलात. आणि सगळं सांगितलंत. आदल्या दिवाळीनंतर मोठा ताप आला, महिनाभर अंथरुणात होतात, आणि उठलात ती अशी. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारं जे असतं ते दोन्ही बाजूंचं निकामी झालं. ऐकू सगळं येतं, पण आपण उभे आहोत की कललोय हे कान आता सांगत नाहीत.

"माणूस तीन गोष्टींच्या आधारावर उभा राहतो," तुम्ही म्हणालात, "कान, डोळे आणि तळवे. माझे कान गेले. उजेड असला तर डोळे सांभाळून घेतात. अंधारात उरतात नुसते तळवे. त्या एकट्यांच्यानं होत नाही."

पप्पांनी माझ्याकडे बॅटरी वळवली. "मग ही का पडती? हिचं तर सगळं धडधाकट हाय की!"

आणि तुम्ही हसलात. त्या अवस्थेत हसलात! "हिला काही झालेलं नाही हो. अंग एकदम वाढलंय. हिच्या अंगाला अजून पत्ता नाही आपण कुठं संपतो त्याचा. जुन्या मापानं हलते आणि पडते. वर्षभरात समजेल त्याला."

बाई, हे मला आधी का सांगितलं नाहीत? सहा महिने मी स्वतःला ढ समजत होते. घरी जाऊन रडत होते. एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं? की स्वतःच्या भीतीत तुम्हाला माझी दिसलीच नाही? मला तेव्हा राग आला होता, आजही थोडा येतो. पण त्याच पायरीवर तुम्ही पप्पांना हात जोडलेत, "कुठं बोलू नका. पडणाऱ्या बाईकडे कोण आपली मुलगी पाठवेल?" आणि माझा राग कुठं गेला कळलं नाही.

पप्पा म्हणाले, "न्हाय बोलत. पण ही उद्यापासून अर्धा तास आधी येईल. तुम्ही हिला उभी करा, ही तुम्हाला करंल."

कंडक्टरनं तिकीट फाडावं तसा त्यांनी निर्णय दिला. पुढे बोलायची सोयच नाही!

ते अर्धे तास माझ्या आयुष्यातले सर्वात आवडते. हॉलमध्ये आपण दोघीच. तुम्ही बूट काढायला लावायचात, "तळव्यांना फळी कळू दे." अनवाणी, दोन फळ्यांच्या सांध्यावरून, टाचेला चवडा लावत, इकडून तिकडे. मग समोरच्या खिळ्यावर नजर ठेवून मान हळूहळू डावीकडे, उजवीकडे. मग गोणपाटाची घडी घालून तिच्यावर. मी तुमच्या कोपराला दोन बोटं लावून उभी. मग एक बोट. मग नुसतं बोट जवळ धरायचं, लावायचं नाही. तुम्ही घामानं निथळायचात. मी पडले की तुम्ही हसायचात, तुम्ही कललात की मी धरायचे. एकदा आपण दोघी एकदमच कोसळलो आणि खालून दीर ओरडले, "वयनी, पोती टाकायला लागलाय काय?" किती हसलो आपण! तुमच्या डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना.

पप्पांचं गुडघ्यांचं सांगणं तुम्ही मला रोज ऐकवायचात. "आवळू नकोस. जाऊ दे आणि परत ये." मी जायचे आणि परत यायचे नाही. मग एके दिवशी, संक्रांतीच्या आसपास असेल, मी चवड्यांवर उभी राहिले आणि उभीच राहिले. आपण उभ्या आहोत हेच विसरले. खालची मिरची, बाहेरचे हॉर्न, काही नाही. शेवटी तुम्हीच ओरडलात, "अगं उतर की आता! रात्रभर तिथंच राहणार आहेस काय?"

तोवर तुम्हीही उजेडात हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दांडीशिवाय जायला लागला होतात. अंधारात मात्र काही केल्या जमलं नाही. तुम्ही पुष्कळ प्रयत्न केलात. मी डोळे मिटायला सांगून आकडे मोजायचे आणि तिसऱ्या आकड्याला तुम्ही माझ्या अंगावर.

आणि आला वार्षिक कार्यक्रम. दरवर्षी शेवटी तुम्ही रंगमंचाच्या मधोमध येऊन, एक पाय मागे घेऊन, वाकून नमस्कार करायचात. मी म्हटलं, "बाई, ह्या वर्षी नका येऊ." तुम्ही म्हणालात, "नाही आले तर लोक विचारतील." मग तुम्ही स्वतः दिवेवाल्याकडे गेलात. "शेवटच्या नमस्काराला दिवे घालवायचे नाहीत. पडदा पडेपर्यंत उजेड हवा."

"व्हय बाई, काळजीच करू नगा!" तो म्हणाला.

तुम्ही आलात. निळी साडी, केसांत मोगरा. मधोमध उभ्या राहिलात, पाय मागे घेतलात, वाकलात. टाळ्या सुरू झाल्या आणि त्या मेल्यानं सवयीनं सगळे दिवे घालवले!

मी दोन पावलं लांब होते, बाई. दोनच पावलं. मी झेपावले. हात पुढे केला, आणि माझ्या हाताला तुमचा हात लागलाच नाही. लागला एक छोटासा हात. मग आणखी एक. मग कुणाची तरी वेणी. मला कळेना काय चाललंय. प्रेक्षकांत पप्पा ओरडत होते, "लाइट लाव! आरं लाइट लाव!"

दिवे आले तर तुम्ही उभ्या होतात. सरळ उभ्या! आणि सतरा मुली तुम्हाला गच्च धरून. कुणी कमरेला, कुणी कोपराला, कुणी साडीला. सात वर्षांची ऋतुजा तुमच्या पायाला मिठी मारून बसली होती. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. केवढ्या टाळ्या!

पडदा पडल्यावर तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंत. मी मानेनंच नाही म्हटलं. देवाशपथ, मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मग तुम्ही ऋतुजाला विचारलंत, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाय. आम्हाला म्हाईतच हाय की!" ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही माझ्याच शेजारी पडलासा. मग आमी ठरवलं. अंधार झाला की पयलं बाईंना धरायचं."

सात महिने! सात महिने त्या एवढ्याशा पोरी ते गुपित पोटात घेऊन फिरत होत्या, आणि आपण दोघी आपल्यालाच काय ते माहीत म्हणून दाराला कडी लावत होतो. तुम्ही विंगेत स्टुलावर बसलात आणि पदर तोंडाला लावून रडलात. ऋतुजाला वाटलं आपलं काही चुकलं. ती पण रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या आयांना वर बोलावलंत. हातात काठी. माझी आई पण होती. तुम्ही काही सजवून सांगितलं नाहीत. "माझा तोल गेलेला आहे. अंधारात मी पडते. जे शिकवता येतं ते मी शिकवीन. ज्यांना मुलगी काढायची असेल त्यांनी आजच सांगा." दोघींनी काढली. त्यातली एक पावसाळ्यात परत आली. आणि माझी आई, तीच बगळ्याची आई, उठून म्हणाली, "आमची ऱ्हाईल." तेवढंच. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "बाईमाणूस खरं बोललं की. आणि काय पाहिजे?"

त्यानंतर तुम्ही किती वर्षं शिकवलंत! साठी झाली, सत्तरी झाली. काठीनं ताल धरायचात. पुढे पुढे खुर्चीत बसून, नुसत्या फळ्यांच्या आवाजावरून सांगायचात, "कुणाची तरी डावी टाच पडतेय." आणि ती पडतच असायची! मी नोकरीसाठी पुण्याला गेले, सात वर्षांनी परत आले, तेव्हा तुम्ही हॉलच्या किल्ल्या माझ्या पुढ्यात ठेवल्यात आणि म्हणालात, "तिसरी फळी करकरते. सुताराला बोलव."

पण ऐकायचं म्हणून कुणाचं ऐकलं नाहीत. उशाशी मी बॅटरी ठेवली होती ना? ती घेऊन उठायचं ठरलं होतं ना? तुम्ही तशाच काळोखात भिंत धरून मोरीत जायचात. विचारलं तर, "सेल संपतात गं." अहो, सेल संपवायलाच असतात! किती भांडले मी तुमच्याशी. त्या भांडणाचीही आता आठवण येते.

मागच्या वर्षी एका दुपारी तुम्ही शेंगा फोडत बसला होतात आणि मी ठरवून आले होते. वीस वर्षं पोटात होतं. म्हटलं, "बाई, मला तुमची माफी मागायची आहे. मी तेरा वर्षांची असताना एकदा तुमची..."

"नक्कल केलीस. आरशात बघितली की मी."

"रागावला नाहीत?"

"रागावले तर! दोन दिवस जेवले नाही." तुम्ही एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवलेत. "पण चांगली केली होतीस. फक्त तू डावा पाय आधी टाकलास. मी उजवा टाकायचे."

मी हसू की रडू! तेवढ्यावर तुम्ही विषय संपवलात. माफ केलं असं कधी म्हणाला नाहीत. दाणे मात्र सगळे मलाच दिलेत.

सगळ्यांना वाटायचं, तुम्ही कधीतरी पडाल आणि त्यातच जाल. मलाही वाटायचं. फोन वाजला की आधी तेच मनात यायचं. आणि तुम्ही गेलात न्युमोनियानं, चार दिवसांत, पलंगावर झोपलेल्या. शेवटपर्यंत पडून हाड म्हणून मोडलं नाहीत! जिवंत असतात तर ह्याचा केवढा तोरा मिरवला असतात, माहितेय मला.

बाई, हे सगळं लिहिलं, पण ज्याच्यासाठी लिहायला बसले ते अजून सांगितलंच नाही.

पप्पा आता सत्तरीला आले. साखरेचा आजार आहे. गेले दोन महिने मी बघतेय, घरात चालताना ते भिंतीला हात लावतात. दाराच्या चौकटीशी थांबतात. संध्याकाळचे बाहेर जात नाहीत. मला दिसत होतं आणि मी गप्प होते. मुलींना दिवसभर तोल शिकवणारी मी, स्वतःच्या बापाला विचारायला घाबरत होते. काल त्या मुलीपुढे बोलता येईना, ते फक्त तुमच्यासाठी नव्हतं.

आज सकाळी विचारलं. "पप्पा, भिंतीला कशाला हात लावताय?"

"ओल बघतोय."

"मे महिन्यात?"

ते पेपर वाचायला लागले. मी पेपर काढून घेतला.

"तळवं कळंनात गं," ते म्हणाले. "कापसावर चालल्यागत वाटतंय. मागल्या आठवड्यात न्हाणीत पडलो. तुझ्या आईला सांगितलं न्हाय."

"मला का नाही सांगितलं?"

"कंडक्टर पडला म्हणून सांगू व्हय?"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. आईला हाक मारली आणि तिच्यासमोरच म्हटलं, "आज दुपारी डॉक्टरकडे पाय दाखवू. आणि डॉक्टर हो म्हणाले की उद्यापासून वर्गाला चला."

"म्या? पोरींच्यात?"

"व्हय."

आईनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "चड्डी घालून जाऊ नगा म्हंजे झालं." पप्पा कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. दुपारी डॉक्टरांनी त्यांच्या पायांना टाचणी टोचून बघितली, गोळ्या बदलल्या आणि म्हणाले, "कुणी शेजारी उभं राहत असेल तर अवश्य जा."

बाई, तुम्हाला शब्द देते. उद्या साडेपाचला मी त्यांना हाताला धरून जिना चढवीन. त्यांना कोपऱ्यात बसवणार नाही, मुलींच्या रांगेत उभं करीन. ते का आलेत, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर त्यांनाच सांगू देईन, आणि त्यांना सांगवलं नाही तर मी सांगीन. त्यांचा तोल गेला तर धरीन. पुन्हा गेला तर पुन्हा धरीन. पण त्यांचं पडणं मी आता कुणापासून लपवणार नाही, त्यांच्यापासूनही नाही.

तुमची,
स्नेहल